लढाऊ कला निवडताना: शैलींची तुलना आणि जवळच्या क्लासचा शोध

दोन लढाऊ कलांची तुलना करायची असेल, तर त्यांत काय काय शिकवतात याची यादी करत बसू नये. त्यांच्या स्पर्धेत कशाला मनाई आहे, हे आधी पाहावे. शिकवण्याची यादी बहुतेक सगळ्याच शैलींची लांबलचक असते आणि ठोसे, लाथा, फेकी, पकडी, सांध्यांचे पेच असे सगळे काही तिच्यात कुठे ना कुठे सापडतेच. परंतु माणूस रोज ज्याचा सराव करतो तेच त्याच्या अंगवळणी पडते, आणि रोजचा सराव कशाचा व्हायचा हे बऱ्याच अंशी स्पर्धेचे नियम ठरवतात. त्यामुळे सर्वांत चांगली शैली कोणती, या प्रश्नाला उत्तर नसले तरी या शैलीचा विद्यार्थी दोन वर्षांनी काय करू शकेल आणि कशापुढे गोंधळेल, या प्रश्नाला बऱ्यापैकी नेमके उत्तर देता येते.

नियम शरीराला काय शिकवतात

तायक्वांदोपासून सुरुवात करू. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून जे तायक्वांदो पदकांसाठी खेळले जाते, त्या वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही. छातीवरच्या कवचावर बसलेल्या ठोशाला एक गुण मिळतो, कवचावरच्या साध्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन, आणि वळून मारलेल्या लाथेला त्याहूनही जास्त. हा हिशेब लक्षात ठेवून दोन चांगल्या खेळाडूंची लढत पाहावी. त्यांचे हात कंबरेच्या आसपास सैल सोडलेले असतात, शरीर जवळजवळ पूर्ण आडवे वळलेले असते आणि पुढचा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला असतो, कारण तोच पाय केव्हाही उचलून समोरच्याची लाथ अडवायची किंवा आपली मारायची असते. बॉक्सिंगच्या प्रशिक्षकाला हे असे चेहरा उघडा टाकून उभे राहणे वेडेपणाचे वाटेल. त्या नियमांच्या चौकटीत मात्र ते अगदी शहाणपणाचे आहे. बॉक्सिंगचेही तसेच आहे. मांडीवर लाथ बसण्याची धास्ती नसल्यामुळे बॉक्सर पुढच्या पायावर भार टाकतो आणि कंबरेतून खाली वाकून ठोसा चुकवतो. मुय थाईमध्ये ठोशांबरोबर कोपर, गुडघे आणि नडगी यांचाही वापर होतो, शिवाय मान धरून जवळून लढण्याला तिथे मोठे महत्त्व आहे. तिथे कुणी तसा वाकला तर त्याच्या तोंडावर गुडघा येतो.

पकडीच्या कलांमध्ये हा फरक आणखी ठळकपणे दिसतो. हाताने पाय धरून पट काढण्याचे डाव ज्युदोत पूर्वी सर्रास चालत असत. २०१० मध्ये त्यांच्यावर निर्बंध आले आणि २०१३ पासून ते स्पर्धेतून पूर्णपणे गेले, त्यामुळे आजचा ज्युदोपटू बराचसा ताठ उभा राहून जाकिटाची कॉलर आणि बाही धरतो व तिथूनच तोल मोडायला पाहतो. फ्रीस्टाइल कुस्तीगीर मात्र गुडघ्यातून खाली बसलेला असतो, कारण त्याच्या खेळात पायांवरचा हल्ला कुठल्याही क्षणी येऊ शकतो. ग्रीको-रोमन कुस्तीत कंबरेखाली धरायलाच मनाई असल्यामुळे सगळी लढाई छाती, काखा आणि कंबर यांच्याभोवती फिरते. सांबो या रशियन कुस्तीच्या खेळात पायाच्या सांध्यांचे पेच चालतात, पण गळा आवळणे चालत नाही. ज्युदोत याच्या बरोबर उलट आहे.

जमिनीवर गेल्यानंतरही नियमच वेग ठरवतात. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला पाठीवर वीस सेकंद दाबून धरले की लढत संपते आणि जमिनीवर काही घडताना दिसले नाही तर पंच दोघांनाही उठवतात. ब्राझिलियन जुजित्सूमध्ये असे कुणी उठवत नाही. तिथे पाडल्याचे दोन गुण, पायांचा अडसर ओलांडून बाजूला पोहोचल्याचे तीन आणि छातीवर बसल्याचे किंवा पाठ मिळवल्याचे चार, असा प्रचलित हिशेब आहे. पाडण्याला एवढी कमी किंमत असल्यामुळे अनेक खेळाडू पाडण्याच्या फंदातच पडत नाहीत, स्वतःहून खाली बसतात आणि तिथून लढतात. जमिनीवर त्यांचा हात धरणारा विरळा. उभ्याने पाडण्यात मात्र त्यांच्यातले अनेक जण कच्चे राहतात.

कराटेबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण या एका नावाखाली एकमेकांशी फारसे न जुळणारे प्रकार नांदतात. फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये ओकिनावाचे कराटे टोकियोत दाखवले, आणि पुढे त्यातून व त्याच्या आसपास शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू अशा शाखा जपानभर रुजल्या. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या स्पर्धांमध्ये फटका नेमका आणि आवरता असावा लागतो. जास्त जोर लावला तर दंड होतो. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसलेले कराटे ते हेच. ओयामा मासुतात्सु यांच्या क्योकुशिनमध्ये मात्र अंगावर आणि पायांवर पूर्ण ताकदीने मारतात, डोक्यावर लाथ चालते, परंतु हाताने चेहऱ्यावर मारता येत नाही. म्हणून क्योकुशिनचे खेळाडू छातीला छाती भिडवून जवळून ठोसे देत-घेत उभे राहतात, तर पहिल्या प्रकारचे खेळाडू लांब अंतरावर थांबून विजेसारखे आत येतात आणि तितक्याच चपळाईने बाहेर पडतात. तेव्हा दारावर 'कराटे' अशी पाटी दिसली तर तिच्यावरून आत काय चालते याचा अंदाज बांधू नये. तायक्वांदोचेही असेच आहे. इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनच्या पद्धतीत डोक्यावर हाताने मारलेल्या फटक्यालाही गुण मिळतो, आणि त्यामुळे तिथल्या खेळाडूंचे हात आपोआप वर राहतात.

विरोध करणारा जोडीदार

नियमांइतकीच, किंबहुना त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरावात समोरचा माणूस खरोखर विरोध करतो की नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान या ज्युदोशाळेची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यापुढे जुजित्सूच्या जुन्या शाळांचा मोठा वारसा होता. त्यांनी त्यातले जे डाव पूर्ण जोर लावूनही जोडीदाराला फारशी इजा न करता खेळता येतील ते मोकळ्या लढतीसाठी, म्हणजे रांदोरीसाठी, ठेवले आणि फटके व धोकादायक पेच ठरावीक क्रमाने करायच्या काताच्या सरावात ठेवले. यामागचा विचार आजही तितकाच लागू पडतो: पूर्ण ताकदीने आणि अनेक वेळा केलेला साधा डाव हा कधीच न वापरलेल्या घातक डावापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

याची प्रचीती घ्यायची असेल तर मनगट सोडवण्याचा अगदी प्राथमिक डाव घ्यावा, जो जवळपास प्रत्येक स्वसंरक्षणाच्या शिबिरात शिकवतात. एक जण समोरच्याचे मनगट धरतो आणि तसाच पुतळ्यासारखा उभा राहतो. दुसरा आपले मनगट फिरवून, धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात त्या फटीच्या दिशेने, कोपर पुढे घालून झटका देतो आणि पकड सुटते. यात खोटे काही नाही. पकड अंगठ्याच्या बाजूला खरोखरच कच्ची असते. आता धरणाऱ्याला एवढेच सांगावे, की तू उभा राहू नकोस, धरल्याबरोबर स्वतःकडे ओढ, मोकळ्या हाताने ढकल आणि सुटले तर पुन्हा धर. पहिल्या काही प्रयत्नांत सोडवणाऱ्याचे पाय अडखळतात, तो मनगटाकडेच पाहत राहतो आणि तोपर्यंत दुसऱ्या हाताचा धक्का खांद्यावर बसतो. थोड्या वेळाने तो आधी पाय रोवायला, ओढले जात असताना त्याच दिशेने पाऊल टाकायला आणि सुटताक्षणी अंतर घ्यायला शिकतो. डाव तोच असतो, पण आता तो त्याचा झालेला असतो. ज्या क्लासमध्ये सराव पहिल्या प्रकाराशी थांबतो आणि दुसऱ्या प्रकारापर्यंत कधीच जात नाही, तिथे वर्षानुवर्षे घालवूनही हा फरक अंगी येत नाही.

शैलींच्या भांडणाचा जाहीर निकाल लावण्याचा प्रयत्न म्हणून १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) स्पर्धेकडे बोट दाखवले जाते. वजनगट नव्हते, नियम अगदी मोजके होते आणि एकाच रात्री तीन लढती जिंकून ब्राझिलियन जुजित्सूचा रॉयस ग्रेसी विजेता ठरला. त्याच्यापुढे आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात बॉक्सिंगचा ग्लोव्ह घालून उतरला होता. जमिनीवर दाबला गेल्यावर एकही मोठा फटका न खाता त्याने हार पत्करली. या निकालातून जमिनीवरची लढत अजिबात न येणे किती महागात पडते हे निर्विवाद सिद्ध झाले. परंतु 'अमुक शैली श्रेष्ठ' हा निष्कर्ष फार टिकला नाही, कारण पुढच्या काही वर्षांत कुस्तीगिरांनी आणि ठोसे-लाथांच्या खेळाडूंनी जमिनीवर तग धरण्यापुरते जुजित्सू शिकून घेतले आणि एकाच कलेवर विसंबणारे मागे पडले. आज मिश्र मार्शल आर्ट्समध्ये बॉक्सिंग, मुय थाई, कुस्ती आणि जुजित्सू यांचाच भरणा दिसतो, आणि या चौघांतले साम्य हेच की चौघांतही विरोध करणाऱ्या माणसाशी खेळणे हा नेहमीच्या सरावाचाच भाग आहे.

मग ज्या कलांमध्ये स्पर्धाच नाहीत त्या टाकाऊ समजाव्यात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल, पण त्यांच्याकडून काय मिळवायचे याबाबत स्पष्टता हवी. उएशिबा मोरिहेई यांच्या आयकिदोत बहुतेक ठिकाणी लढती होत नाहीत. पडायचे कसे, अंगाचा तोल कसा राखायचा आणि दुसऱ्याच्या हालचालीशी आपली हालचाल कशी जुळवायची, हे मात्र तिथे फार सुंदर शिकता येते. ताई ची सावकाश केल्याने वृद्ध माणसांचा तोल सुधारतो आणि पडण्याचा धोका कमी होतो, यावर भरपूर संशोधन झालेले आहे. क्राव मागाची गोष्ट वेगळी आहे. इमी लिख्टेनफेल्ड यांनी ती इस्रायली सैन्यासाठी घडवली, परंतु आज हे नाव लावणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि प्रशिक्षक घडवण्याचे त्यांचे निकष एकमेकांपासून फार लांब आहेत. त्यामुळे एका क्लासमध्ये घाम फुटेपर्यंत पूर्ण जोराचा सराव होतो, तर दुसऱ्यात रबरी सुरीचा नाच चालतो. 'आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की त्यांचे स्पॅरिंग, म्हणजे मोकळ्या लढतीचा सराव, करताच येत नाही' असे कुणी सांगितले, तर कानो यांनी हाच पेच एकोणिसाव्या शतकात कसा सोडवला होता ते आठवावे आणि नम्रपणे तिथून निघावे.

आपल्याला नेमके काय हवे

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून येथे थोडक्यात. वजन कमी करणे आणि दम वाढवणे एवढाच हेतू असेल, तर नियमित जाता येईल असा कुठलाही क्लास चालतो. स्पर्धा खेळायची असेल, तर ज्या खेळाच्या स्पर्धा आपल्या आवाक्याच्या अंतरात वरचेवर होतात तोच खेळ घ्यावा. स्वसंरक्षण हवे असेल तर ठोशांची एक आणि पकडीची एक, अशा दोन कलांची तोंडओळख पुरेशा सरावासह असणे हे कुठल्याही एका कलेतल्या प्रावीण्यापेक्षा उपयोगी पडते. आणि धोका ओळखून वेळीच निघून जाणे शिकवणारा प्रशिक्षक या बाबतीत सर्वांत प्रामाणिक समजावा.

शरीराचा विचार मात्र सावकाश करावा. डोक्यावर वारंवार बसणारे फटके मेंदूला इजा करतात आणि ही इजा साठत जाते, मग ते फटके सरावातले का असेनात. ज्याचे पोट बुद्धीच्या कामावर चालते किंवा ज्याला पूर्वी डोक्याला मार लागलेला आहे, त्याने बॉक्सिंग वा मुय थाईच्या क्लासमध्ये पॅडवरचा सराव आनंदाने करावा, परंतु जोराच्या स्पॅरिंगला स्पष्ट नकार द्यावा. चांगले प्रशिक्षक असा नकार मान्य करतात. पकडीच्या कलांमध्ये डोके तुलनेने सुरक्षित राहते, पण गुडघे, खांदे, बोटे आणि मान यांच्यावर ताण येतो. ज्युदोत पहिले काही आठवडे केवळ पडायला शिकवतात याचा अनेकांना कंटाळा येतो, आणि नेमके तेच कौशल्य पुढे आयुष्यभर, अगदी जिन्यावरून पाय घसरला तरी, कामी येते. चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याला ब्राझिलियन जुजित्सू बहुधा अधिक झेपते, कारण तिथे सरावाची सुरुवात अनेकदा गुडघ्यांवर बसूनच होते आणि जोराने आपटले जाण्याचे प्रसंग कमी येतात. हृदयविकार, मणक्याचा त्रास किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि त्यांना नुसते 'व्यायाम करू का' असे न विचारता त्या क्लासमध्ये नेमके काय करावे लागते ते सांगावे.

जवळचे क्लास कसे शोधावेत

शोध शैलीच्या नावाने सुरू करण्याऐवजी अंतराने सुरू करावा. घर किंवा कामाचे ठिकाण यांपासून आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, थकलेल्या दिवशीही, जाववेल अशी हद्द आधी मनाशी ठरवावी, आणि त्या हद्दीत जे जे शिकवले जाते त्याची यादी करावी. लांबच्या नामवंत क्लासचे आकर्षण मोठे असते, पण नव्याचे नऊ दिवस संपले की प्रवासच अंगावर येतो. जवळचा बरा क्लास लांबच्या उत्तम क्लासपेक्षा बहुतेकांना अधिक शिकवून जातो, एवढ्याच कारणासाठी की तिथे जाणे होते.

नकाशावर शोधल्यास स्वतःची जागा आणि पाटी असलेले क्लास सापडतात. परंतु अनेक चांगले मंडळ-वजा क्लब भाड्याच्या सभागृहात, शाळेच्या किंवा विद्यापीठाच्या व्यायामशाळेत ठरावीक संध्याकाळी भरतात आणि नकाशावर त्यांचा पत्ताच नसतो. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्या त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेकडे असलेली संलग्न क्लबांची यादी. इंटरनॅशनल ज्युदो फेडरेशन, युनायटेड वर्ल्ड रेसलिंग, वर्ल्ड तायक्वांदो आणि वर्ल्ड कराटे फेडरेशन यांसारख्या जागतिक संस्थांच्या संकेतस्थळांवरून आपल्या देशाची संघटना शोधता येते. दुसरा मार्ग फारसा कुणी वापरत नाही, पण तो अधिक उपयोगाचा आहे: आपल्या परिसरातल्या अलीकडच्या स्पर्धांचे निकाल पाहावेत. खेळाडूंच्या नावापुढे क्लबचे नाव असते, आणि केवळ विजेत्यांकडे न पाहता कोणत्या क्लबने नवशिक्यांच्या, मुलींच्या किंवा वयस्कांच्या गटात खेळाडू उतरवले आहेत हे पाहिले, तर तिथे कोणाला जागा मिळते हे कळते. खेळाडूंवर उपचार करणारे फिजिओथेरपिस्टही पुष्कळ सांगू शकतात. कोणत्या क्लबमधून तेच ते मोडलेले गुडघे येतात, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

एक तास बसून पाहावे

यादीतल्या दोन-तीन ठिकाणी आधी नुसते जाऊन बसावे. जाण्यापूर्वी कळवणे सभ्यपणाचे आहे, परंतु 'पाहायला परवानगी नाही' असे उत्तर आले तर ते ठिकाण यादीतून काढून टाकावे. तिथे गेल्यावर सर्वांत तयारीच्या विद्यार्थ्यांकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. त्यांच्यावरून नजर काढून नवशिक्यांच्या कोपऱ्याकडे पाहावे. नव्या माणसाला कुणी सोबत घेतले का, की त्याला भिंतीशी उभे करून लाथा मोजायला लावले? प्रशिक्षकाने त्याचे नाव विचारले का? एखादा डाव जमला नाही तेव्हा प्रशिक्षकाने तोच डाव मोठ्या आवाजात पुन्हा सांगितला, की पायाची जागा किंवा हाताची पकड बदलून दाखवली?

पकडीच्या क्लासमध्ये टॅपचा क्षण बारकाईने पाहावा. हात मुरगळला जात असताना किंवा गळा आवळला जात असताना हरणारा माणूस जोडीदाराच्या अंगावर अथवा मॅटवर दोन-तीन थापा मारतो. पहिली थाप पडताच पकड सुटली पाहिजे. पेच लावणाऱ्याने तो शेवटच्या टप्प्यात हळू लावलेला असला पाहिजे, म्हणजे थाप मारायला वेळ मिळतो. आणि सुटल्यावर दोघांनी हातावर हात मारून पुन्हा सुरुवात केली पाहिजे. थाप पडल्यावरही क्षणभर ताणून धरणारा एखादा महाभाग कुठेही सापडेल. अशा वेळी प्रशिक्षकाचे लक्ष जाते का आणि तो त्याला बाजूला घेऊन बोलतो का, यावरून क्लासची खरी ओळख पटते. ठोशांच्या क्लासमध्ये हीच कसोटी वजनातला किंवा अनुभवातला फरक मोठा असताना लागते. तिथे वरचढ माणसाने स्वतःहून जोर कमी केलेला दिसला पाहिजे, सर्वांच्या तोंडात माउथगार्ड असला पाहिजे आणि स्पॅरिंगसाठी पॅडवरच्या सरावापेक्षा जाड, साधारणपणे १६ औंसांचे, ग्लोव्हज वापरले गेले पाहिजेत.

प्रशिक्षक स्वतः विद्यार्थ्यांबरोबर खेळतो का, तेही पाहावे. वयाने किंवा दुखापतीने थांबलेल्या शिक्षकाची गोष्ट निराळी, त्याने घडवलेले विद्यार्थी त्याची साक्ष देतात. परंतु धडधाकट असूनही जो वर्षानुवर्षे केवळ हातात हात देणाऱ्या शिष्यांवरच डाव दाखवतो, त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

मॅटचा वास घ्यावा, हे ऐकायला विचित्र वाटले तरी गांभीर्याने सांगतो आहे. पकडीच्या खेळात नायटा आणि जिवाणूंमुळे होणारे त्वचेचे संसर्ग सहज पसरतात, आणि त्यांना आळा घालणारा क्लब रोज मॅट जंतुनाशकाने पुसतो, अनवाणी स्वच्छतागृहात जाऊ देत नाही आणि अंगावर चट्टा असलेल्याला घरी पाठवतो. या तिन्ही गोष्टी एका तासात डोळ्यांनी दिसतात.

पट्टे, कागद आणि पैसे

रंगीत पट्ट्यांवरून दोन शैलींची तुलना करू नये. दानची, म्हणजे काळ्या पट्ट्यापासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्यांची, श्रेणी आणि काळा पट्टा कानो यांनी ज्युदोसाठी आणले, कराटेने ते नंतर उचलले आणि पुढे प्रत्येकाने आपापल्या सोयीने त्यांचा अर्थ लावला. ब्राझिलियन जुजित्सूत काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षे लागतात; कराटे किंवा तायक्वांदोच्या अनेक संस्थांत तो नियमित विद्यार्थ्याला तीन ते पाच वर्षांत मिळतो, आणि तिथे तो शिक्षणाच्या शेवटाऐवजी पायाभरणी पूर्ण झाल्याची खूण मानला जातो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. बॉक्सिंग आणि कुस्ती यांचे काम तर पट्ट्यांवाचून कधीच अडले नाही.

प्रशिक्षकाची पात्रता तपासताना 'तुम्ही कोणाकडे शिकलात आणि तुमची श्रेणी कोणी दिली' असे सरळ विचारावे. प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट तो आपल्या गुरूंविषयी भरभरून बोलतो. वर्ल्ड तायक्वांदोच्या पद्धतीतली दान श्रेणी दक्षिण कोरियातील कुक्कीवॉन ही संस्था देते आणि तिची नोंद ठेवते. जुजित्सूत कोणाला कोणी काळा पट्टा दिला याची साखळी सांगण्याची रीतच आहे. स्वतःच नवी शैली काढून स्वतःलाच दहावे दान बहाल करणारे महामहोपाध्याय सगळीकडे असतात, त्यांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांची संख्या पाहून दिपून जाऊ नये. त्याखेरीज प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि विमा या दोन गोष्टींची चौकशी करावी, कारण पदकांपेक्षा त्या अधिक वेळा उपयोगी पडतात.

मुलासाठी क्लास शोधत असाल तर यात आणखी भर घालावी लागते. पालकांना कधीही बसून पाहू देतात का, कपडे बदलण्याच्या खोलीबाबत नियम काय आहेत, प्रशिक्षक मुलांशी खाजगी संदेशांतून बोलतात का, मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का आणि तक्रार करायची झाली तर प्रमुख प्रशिक्षकाखेरीज कोणाकडे करायची, हे सगळे संकोच न करता विचारावे. गुरूपुढे प्रश्न विचारायचे नाहीत अशी शिस्त सांगणाऱ्या ठिकाणी मूल सोडू नये, मग तिथली पदके कितीही चकाकत असोत.

शुल्काबाबत पाटीवरचा मासिक आकडा पुरेसा नसतो. गणवेश तिथूनच घ्यावा लागतो का, पट्ट्याच्या परीक्षा वर्षातून किती आणि प्रत्येकीचे वेगळे पैसे किती, संघटनेची वार्षिक नोंदणी कोणी भरायची, हे सारे मिळून वर्षाचा हिशेब मांडावा आणि मगच दोन ठिकाणांची तुलना करावी. 'अमुक मुदतीत काळा पट्टा नक्की' अशी हमी देणारा करार ही सरळसरळ विक्री आहे. वर्षभराच्या करारावर पहिल्याच दिवशी सही करण्यासाठी आग्रह झाला, आणि सवलत फक्त आजच्यापुरती आहे असे सांगितले गेले, तर कागद घरी नेऊन वाचण्याची मुभा मागावी. ती मिळते की नाही यातच उत्तर आले. दुखापत झाल्यास सदस्यत्व काही काळ थांबवता येते का, हे मात्र लेखी घ्यावे, कारण या खेळांत ती वेळ बहुतेकांवर कधी ना कधी येतेच.

निवड झाल्यावर किमान तीन महिने दुसरीकडे पाहू नये. पहिले काही आठवडे सगळ्याच कला अवघड आणि थोड्या हास्यास्पद वाटतात, आणि त्या गोंधळात शैली आपल्याला मानवते की नाही हे कळत नाही. साधारण तीन महिन्यांनी स्वतःला एवढेच विचारावे, की सुरुवातीला ज्याने सहज गुंडाळले होते त्याच जोडीदारासमोर आता थोडा वेळ तरी टिकाव लागतो का, आणि क्लासच्या दिवशी जायला पाय उचलतात की जड होतात. उत्तर नकारार्थी असेल तर क्लास बदलावा. शैली तीच ठेवून प्रशिक्षक बदलल्यानेही बराच फरक पडतो, म्हणून आधी तो पर्याय पाहावा. जुन्या प्रशिक्षकाला भेटून सांगावे, सूचना लेखी द्यावी आणि नव्या ठिकाणी, शैली वेगळी असेल तर, पांढरा पट्टा बांधूनच मॅटवर उतरावे. पूर्वी काय शिकलो होतो हे नव्या प्रशिक्षकाच्या कानावर मात्र पहिल्याच दिवशी घालावे, कारण ज्याला पडता येते किंवा ज्याला ठोसा मारता येतो त्याला कोणासोबत जोडायचे, हे त्याला त्यावरूनच ठरवावे लागते.